ढोलासाठी मास्तर पाहिजे

झेरिगू, ७ जून १९८८

दादा,

नापारीचा सलाम.

बसचा ड्रायव्हर बुकारी हे पत्र तुझ्या टायरच्या दुकानात आणून देईल. तुला वाचता येत नाही आणि मला येतं. आपल्या भांडणात ही गोष्ट कधी कुणी काढली नाही, पण ती होतीच. तेव्हा कुमासीत जो कुणी भला माणूस हे तुला वाचून दाखवत असेल, त्यालाही सलाम. वाचणाऱ्या बंधू, माझा भाऊ मध्येच उठून जाईल. त्याला बसवा आणि पुढे वाचा.

अब्बांच्या मयतीला अकरा वर्षं झाली. त्या दिवशी जे बोललं गेलं ते बोललं गेलं. आज तो विषय नाही. विषय ढोलाचा आहे.

आईचा उजवा खांदा दुखतो. कंपाउंडरने मलम दिलंय. पण शेजारच्या मावश्या येऊन बसतात आणि म्हणतात, "मलम कसलं चोळतेस, सनातू? तुझ्या बापाचा ढोल बसलाय त्या खांद्यावर. ढोलवाल्याच्या लेकीने एक पोर माहेरच्या ढोलाला द्यायचं असतं. तू दिलंस, आणि ते गेलं टायर विकायला." शब्द त्यांचे आहेत, मी फक्त उतरवून घेतोय.

 शुक्रवारी नमाजानंतर आई मला म्हणाली, "माझ्या बापाचं नाव पोटच्या पोराच्या हातून वाजलेलं एकदा ऐकायचंय. या दाम्बाच्या सणाला. पुढच्या दाम्बाला मी असेन-नसेन."

मी म्हणालो, "दादाला कळवतो."

"त्याला कशाला? तू शीक."

दादा, मी एकोणपन्नास वर्षांचा आहे. मशिदीत पाच वेळा बांग देतो, कोनफळं लावतो, गुडघे धरून उठतो. अझाराने हे ऐकलं तेव्हा ती कोनफळ कुटत होती. तिचं मुसळ हवेतच थांबलं. "तुम्ही? अहो, लग्नात टाळीसुद्धा तुम्ही सगळ्यांची वाजून झाल्यावर वाजवता."

इमामसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "तोंड अल्लाहकडे, हात आईकडे. दोन्हींची गल्लत करू नकोस, म्हणजे झालं."

तर मास्तर पाहिजे. आजोबांच्या घरी बारा वर्षं तू ढोल काखेत घेऊन काढलीस. चांगला मास्तर कसा ओळखायचा ते तुझ्याएवढं कुणाला माहीत असणार? बुकारीला तोंडी सांगितलंस तरी चालेल.

नापारी


झेरिगू, ३० जून

दादा,

बुकारी म्हणाला, तू पत्र पूर्ण ऐकलंस आणि "बरं" म्हणालास. "बरं" हे कुठल्या मास्तराचं नाव नाही.

म्हणून मी माझ्याच अकलेने तामालेला गेलो. तिथे झाकारी मास्तर म्हणून आहेत. भिंतीवर पाटी, डोक्यावर पंखा, बसायला बाक. गोरी माणसंही त्यांच्याकडे शिकतात. फळ्यावर एक-दोन-तीन-चार असे आकडे लिहिलेले. दोन म्हटलं की काखेत दाबायचं, चार म्हटलं की सोडायचं; सूर असा वर-खाली झाला की ढोल नाव बोलतो. शाळा शिकलेल्या माणसाला हे फार बरं वाटलं. मला वाटलं, एवढंच होतं तर दादाला बारा वर्षं का लागली?

वाचणाऱ्या बंधू, शेवटचं वाक्य गाळा.

पहिल्याच दिवशी मास्तर म्हणाले, "वा! हात आहे तुम्हाला!" दुसऱ्या दिवशी, "वा! रक्तातच आहे!" मी तरंगत घरी आलो. तिसऱ्या दिवशी टोपी सरकली म्हणून सावरायला गेलो, तर काठी चुकून ढोलाच्या दोरीवर बसली. खर्र असा आवाज आला.

"वा!" मास्तर म्हणाले.

तेव्हा माझ्या मनात शंका आली. मी मुद्दाम पाचचा टोला मारला. फळ्यावर पाच नव्हताच.

"वा, वा! स्वतःची भर घालताय. पंधरा दिवसांत तयार व्हाल."

घरी येऊन आईसमोर वाजवलं. ती भुईमूग फोडत होती. बराच वेळ फोडत राहिली. मग म्हणाली, "संपलं की सांग."

चांगला मास्तर चूक झाल्यावर काहीतरी बोलतो, एवढं मी शिकलो. शिकवणीचे तीन दिवस अगदीच वाया गेले नाहीत. आणखी एक परिणाम झाला: गुरुवारी माझ्या बांगेला ठेका आला. मागच्या रांगेतला एक म्हातारा डोलायला लागला. इमामसाहेबांनी नमाज संपवून सलाम फिरवल्यावर माझ्याकडे नुसतं पाहिलं.

नापारी


झेरिगू, ४ ऑगस्ट

दादा,

आता मी चुकीवर बोट ठेवणाऱ्याकडे गेलो. मामाचा वुन्नाम. तो हल्ली आजोळच्या ढोलांचा प्रमुख आहे, आजोबांच्याच जागी बसतो. मी भेटीला कोलाच्या बिया घेऊन गेलो, उकिडवा बसलो, सलाम केला.

"या, मुअज्जिनसाहेब!" तो ओरडला. "पोरांनो, बघा, नवीन विद्यार्थी आलाय. दात पडायच्या वयाचा. तुमचे पहिले पडतायत, ह्याचे शेवटचे!"

सगळी पोरं सहा-सात वर्षांची. पोटं धरून हसली.

"ढोल कधी धरायचा?" मी विचारलं.

"आधी निंदणी."

पाच आठवडे मी त्याचा भुईमूग निंदला, दादा. शागिर्दाने मास्तराच्या शेतात राबायचं हा रिवाज मला मान्य आहे. तूही राबलास. पण वुन्नाम आपला मामेभाऊ पडला. मामेभावाने थट्टा करायची हा त्याचा हक्क, आणि आपण रागवायचं नाही हा आपला धर्म. मी ढोल धरला की तो म्हणे, "हा हात आहे की खुरपं?" आता ही थट्टा समजायची की धडा? मनगट सैल केलं तर म्हणे, "आता मेलेला उंदीर!" ताठ केलं तर, "पुन्हा खुरपं!" एकदा मी विचारलंच, "भावा, खरं सांग, चुकतंय का?"

"चुकतंय? अरे, तुझ्या आईने तुझ्याऐवजी बकरी पाठवली असती तर ती आत्तापर्यंत वाजवायला लागली असती!"

पोरं पुन्हा हसली. मीही हसलो. मामेभावापुढे हसावंच लागतं. घरी येताना वाटेत थांबून मनगटाकडे बघत बसलो. ते सैल करायचं की ताठ, हे मला आजही माहीत नाही.

आई म्हणाली, "मामेभावाकडून बायको मागावी, बैल मागावा. विद्या मागू नये. त्याला गंभीर व्हायची परवानगी नाही."

मग हे आधी का नाही सांगितलंस, असं विचारलं, तर म्हणाली, "त्याच्या भुईमुगाला माणूस पाहिजे होतं."

अब्बांच्या मयतीबद्दल एक लिहायचं होतं. पुढच्या वेळी लिहीन.

नापारी


कुमासी, २२ ऑगस्ट १९८८

श्री. नापारी यांस,

आपण मला ओळखत नाही. मी लॉरी-स्टँडवर लोकांची पत्रं लिहून देतो व वाचून दाखवतो. आपली तिन्ही पत्रं मीच वाचली. आपल्या बंधूंनी उत्तर लिहायला सांगितलेलं नाही. हे मी माझ्या जबाबदारीवर लिहीत आहे.

"शेवटचं वाक्य गाळा" असं आपण त्या वाक्यानंतर लिहिता. कृपया ते आधी लिहीत जा.

आपले बंधू पत्र ऐकताना काही बोलत नाहीत. परंतु खुरपं आणि उंदीर हा मजकूर आला तेव्हा त्यांनी जवळच्या टायरला लाथ मारली व म्हणाले, "दोन्ही चूक! मनगट नाही, काख!"  उपयोग झाल्यास पाहावे. पत्र दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचायला लावलं. तेवढाच भाग.

आपला,
कोजो अम्पेम


झेरिगू, १८ सप्टेंबर

दादा,

हे पत्र लांब आहे. वाचणाऱ्या अम्पेमसाहेब, यातलं काहीही गाळू नका.

वुन्नामनंतर मी दोकुरुगू बाबांकडे गेलो. पंच्याऐंशी वर्षांचे, आजोबांच्या मागे उभं राहून वाजवलेले. हात थरथरतो, पण काठी ढोलाला टेकली की थरथर जाते. थट्टा नाही, वाहवा नाही. चुकलं की डोळे मिटून मान हलवतात. मला वाटलं, मिळाला मास्तर. पण बाबा फक्त मयतीचं वाजवणं शिकवत. मी म्हणालो, "बाबा, मला आजोबांचं नाव वाजवायचंय. सणाचं."

"सणाला अजून वेळ आहे," ते म्हणाले. "माझं वय बघ. मला हे आधी लागणार आहे. माझ्यामागे नीट वाजवणारा कुणीतरी नको का?"

 मी शिकत राहिलो. आणि खरं सांगतो, ते मला जमू लागलं. त्या आनंदात मागच्या सोमवारी त्यांच्या गावाहून परत येताना मी चालता चालता वाजवत आलो. डोक्यात फक्त काख होती, "मनगट नाही, काख". पाय आपले आपण चालत होते. आपल्या राजांच्या वाड्याच्या मागच्या भिंतीला लागून आलो, तेव्हा मी बाबांच्या धड्यांतलं शेवटचं, राजाच्या मरणाचं, वाजवत होतो. इतर कुणाच्या मरणाला ते वाजत नाही.

घरी आलो, हातपाय धुतले, संध्याकाळची बांग द्यायला गेलो. मशिदीत कुणीच नाही. सगळं गाव राजांच्या दारात. बायकांनी डोक्यावरची फडकी सोडली होती. शेजारच्या गावाहून दोन सायकली आल्या होत्या, एकीवर बकरं बांधलेलं. तिन्ही राण्या रडत होत्या. धाकटी सगळ्यांत मोठ्याने.

राजे आतून बाहेर आले. हातात अर्धं कणीस.

म्हणाले, "कोण मेलं?"

 मग माझ्या काखेतल्या ढोलाकडे सगळ्यांची नजर गेली. मी तो मशिदीत जातानाही काढून ठेवला नव्हता.

दादा, मी जमिनीवर उकिडवा बसून दोन्ही हात जोडले.  मला वाटलं, गाव सोडावं लागणार.

"मरणाचं वाजवलंस ते वाजवलंस," राजे म्हणाले. आवाज दुखावलेला होता. "पण असं? मी गेलो तर असं वाजवणार माझ्यामागे? दुसरी ओळ लंगडत होती!"

"चूक झाली, महाराज."

"एक नाही, सहा झाल्या. मोजल्या मी." मग निकाल दिला: बकरं आलंच आहे तर कापावं, म्हणजे वाजवलेलं उतरेल. आणि मी या दाम्बाला भर सणात माझ्या आजोबांचं नाव वाजवायचं. नीट वाजलं तर माफ. नाही वाजलं तर ढोल राजवाड्यात जमा, आणि सनातूच्या घरात पुन्हा कुणी ढोल धरायचा नाही. मुलांनी नाही, नातवंडांनी नाही.

"ह्याचा मास्तर कोण आहे?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत आई गर्दीतून बोलली. "ह्याचा मास्तर कुमासीत टायर विकतो, महाराज. हा त्याला सोडून सगळीकडे फिरतोय."

घरी आल्यावर मी आईला म्हणालो, "तूच म्हणालीस ना, त्याला कशाला?"

"मी म्हणाले. तू ऐकलंस. कशाला ऐकलंस ते मला माहीत आहे."

आता ते लिहितो.

आपण लहान असताना कौल लावणारा आला होता, तुला आठवत असेल. दोघांपैकी कुणाला ढोलाला द्यायचं हे पाहायला. तू नऊ वर्षांचा होतास, मी पाच. सगळ्यांना सांगितलं गेलं की कौल तुझ्या, म्हणजे नेइंदूच्या, नावाने आला. दादा, कौल माझ्या नावाने आला होता. मी तो दाराआडून ऐकला आणि बाजरीच्या कणगीत उतरून बसलो. दुपारभर अब्बा हाका मारत होते. आजोळची माणसं खोळंबली होती. शेवटी अब्बांनी समोर दिसलेला मुलगा दिला. तू गेलास. मी शाळेत गेलो. म्हणून आज हे पत्र मी लिहितोय आणि तुला ते दुसऱ्याकडून ऐकावं लागतंय.

आईला माहीत होतं. तिनेच माझ्या कानातली बाजरी काढली.

आणि अब्बांच्या मयतीला तू उशिरा पोचलास, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो, "ढोल थांबल्यावर ढोलकरी आला." लोक हसले. तू न जेवता गेलास. ते वाक्य मला तिथे सुचलं नव्हतं, दादा. दोन दिवस मी ते तयार करत होतो. तुझी बस वाटेत बंद पडली होती, हे मला बुकारीकडून आधीच कळलं होतं.

मी रोज पाच वेळा लोकांना चांगल्याकडे या म्हणून हाक मारतो. तुला एकदाही मारली नाही. आता मारतोय. माफ करायचं की नाही ते नंतर बघ. आधी शिकवायला ये.

नापारी


झेरिगू, ५ ऑक्टोबर

दादा,

मागचं पत्र मिळालं का?

नापारी


झेरिगू, ८ नोव्हेंबर १९८८

श्री. कोजो अम्पेम यांस सलाम.

हे पत्र कुणाला वाचून दाखवायचं नाही. तुमचंच आहे. इतकं सगळं वाचून घेतल्यावर शेवट न सांगणं बरं दिसत नाही.

दादा तेरा ऑक्टोबरला आला. बसच्या टपावरून एक पिशवी आणि एक टायर उतरवला. रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून टायर, असं म्हणाला. आईसमोर उकिडवा बसला. दोघं बराच वेळ सलामच करत राहिले. तब्येत कशी, घरचे कसे, पाऊस कसा, पुन्हा तब्येत कशी. मग आई म्हणाली, "जेवलास का?" तो जेवला. मी दाराशी उभा. माझ्याकडे बघायचं त्याने हात धुऊन झाल्यावर सुरू केलं.

"वाजव."

मी वाजवलं. त्याने डोळे मिटले. मला वाटलं, गहिवरला.

"बस. आजोबा ऐकत असतील."

तेव्हापासून सणापर्यंत त्याने मला दुसरं काही करू दिलं नाही. काखेत गिनी कोंबडीचं अंडं ठेवायचं, ते ढोल दाबल्यासारखं दाबायचं आणि गावभर चालायचं; मग ढोल. "दाबायचं, फोडायचं नाही," तो म्हणे. ही अंडी दगडासारखी असतात, तरी मी अकरा फोडली. अझारा दर वेळी म्हणे, "आज वाजवलं की रांधलं?" दादा हसत नसे. वाहवा नाही, थट्टा नाही. चूक झाली की ती कुठे झाली आणि कशाने झाली एवढंच सांगे, आणि पुन्हा पहिल्यापासून. नवव्या दिवशी मी एक पूर्ण ओळ वाजवली आणि तो गप्प राहिला.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"काही नाही. पुढची."

माझ्याकडे शाळेची दोन प्रमाणपत्रं आहेत, अम्पेमसाहेब. दोन्ही मिळून एवढा आनंद झाला नव्हता.

त्या दुपारी शिया नावाच्या तेलबियांच्या झाडाखाली बसलो असताना मी म्हणालो, "दादा, ते कणगीचं..."

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "तू आत शिंकलास. मी कणगीला टेकूनच उभा होतो."

"मग बोलला का नाहीस?"

"तू पाच वर्षांचा होतास. रडका होतास. आजोबांच्या घरी रडणाऱ्याला जेवण उशिरा मिळतं." मग म्हणाला, "मला ढोल आवडला, नापारी. तू काय समजतोस, मी त्रासून सोडला? आजोबा गेले आणि सगळे मला वा वा म्हणायला लागले. चुकतोस म्हणणारं कुणी उरलं नाही. मग कशाला वाजवायचं? टायर बरे. चुकीचा बसवला की गाडीवाला परत येतो आणि शिव्या घालतो."

मयतीबद्दल मी विचारलं नाही. तोच म्हणाला, "ते वाक्य चांगलं होतं. दोन दिवस लागतीलच."  मग त्याने माझ्या काखेत बारावं अंडं ठेवलं.

सणाच्या दिवशी राजांपुढे सगळं गाव जमलं. वुन्नाम त्याच्या पोरांना घेऊन आला होता, दोकुरुगू बाबांना दोघांनी धरून आणलं होतं. आई पुढे स्टुलावर. मी मधोमध उभा राहिलो, अल्लाहचं नाव घेतलं आणि आजोबांचं नाव वाजवायला लागलो. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. तिसरीला समोर आईचा चेहरा दिसला आणि हाताला पुढचं काही आठवेना. काठी हवेतच राहिली. राजे पुढे वाकले.

तेवढ्यात माझ्या पाठीवर थाप पडली. दादा मागे येऊन उभा होता. तो तळव्याने पाठीवर वाजवत होता आणि मी ते जसंच्या तसं ढोलावर उतरवत होतो. चौथी, पाचवी, शेवटपर्यंत. वुन्नाम ओरडला, "हा ढोल दोघांचा आहे का रे?" पण मग तोही गप्प झाला. राजांनी हात वर केला, म्हणजे माफ.

ज्याच्या बापजाद्याचं नाव वाजतं त्याने उठून ढोलकऱ्याच्या कपाळाला नाणं लावायचं, असा आमच्याकडे रिवाज आहे. आई उठली. पदराच्या गाठीतून नाणं काढलं. नाचत नाचत आली. दोनच पावलं, पण बरोबर ठेक्यात. मी कपाळ पुढे केलं.

ती माझ्या बाजूने पुढे गेली.

"सनातू, वाजवणारा इकडे आहे!" राजे म्हणाले.

"माझे डोळे गेलेत, महाराज, कान नाही," ती म्हणाली, आणि तिने ते नाणं दादाच्या कपाळावर दाबलं. त्याच्या हातात काठीही नव्हती. तो पन्नाशी उलटलेला माणूस तसाच ताठ उभा राहिला. घामाने नाणं कपाळाला चिकटून राहिलं आणि ते पडू नये म्हणून तो डोळेही पुसेना.

आईचा खांदा अजून दुखतो. मलम चालू आहे.

आता एक काम. माझ्या वहिनी दुकानात एकट्या आहेत आणि त्यांनी बुकारीबरोबर दोनदा विचारलंय की हा माणूस परत कधी येणार. दादा म्हणतो, "ह्याचा हात बसला की निघतो." तुम्ही दुकानावरून जाता तेव्हा त्यांना एवढंच सांगा: धाकटा अजून चुकतो आहे. मी बांग देणारा माणूस, दादाला आईजवळ ठेवायलासुद्धा खोटं बोलणार नाही. पण सध्या तरी तशी वेळ आलेली नाही.

आपला,
नापारी